लेकरू परदेशात, विमा कुणाचा?

मे महिन्याच्या शेवटी आमच्या तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत, परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या मुलामुलींच्या पालकांची एक बैठक झाली. पंचवीस-तीस माणसे होती. निम्म्याहून अधिक कास्तकार, काही शिक्षक, एक-दोन दुकानदार. पेरणी तोंडावर आलेली असताना ही माणसे दिवसाचे काम टाकून आली होती, यावरून विषय त्यांना किती जवळचा होता हे कळावे. शैक्षणिक कर्ज, व्हिसा, विमानाचे तिकीट यांवर शांतपणे बोलणे झाले आणि आरोग्यविम्याचा विषय निघताच खोलीत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की विद्यापीठाचा विमा ही उघड लूट आहे. भारतातल्या कंपनीची पॉलिसी त्याच्या चौथाई पैशांत मिळते, ती घ्यावी आणि विद्यापीठाकडे सूट मागावी. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की विद्यापीठ सांगेल ते मुकाट्याने भरावे, परक्या मुलखात नसती भानगड नको. दोन तास वाद झाला. त्या दोन तासांत कोणता आजार झाला तर काय होईल, हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. सगळे बोलणे हप्त्याभोवती फिरत राहिले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवून निवृत्त झालो आणि गेली काही वर्षे अशा मुलांचे कागद पाहून देतो. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. ज्या घराची ऐपत सर्वांत कमी, त्या घराने हप्ता पाहून विमा निवडू नये. तो विमा काय नाकारतो हे पाहून निवडावा, आणि मूल ज्या देशात राहणार त्या देशाच्या कायद्याने बांधलेला विमा मिळत असेल तर पोटाला चिमटा घेऊन तोच घ्यावा. सधन घराला स्वस्त पॉलिसीचा धोका पत्करता येतो, कारण पॉलिसीने हात वर केले तरी त्यांच्या खात्यात पैसे असतात. चार एकरांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून ज्याने पोरगी पाठवली, त्याच्याकडे दुसरा आधार कोणता आहे? स्वस्त विमा गरिबांसाठी असतो, ही समजूतच मुळात उलटी आहे.

वादातली पहिली चूक अशी की सगळे देश एकाच मापाने मोजले जातात. ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे निवडीचा प्रश्न जवळपास उरतच नाही. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावाच लागतो. २०१५ साली तो विद्यार्थ्यांसाठी वर्षाला १५० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून ७७६ पौंड आहे. आणि एका वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा वर्षाहून काही महिने अधिक मिळत असल्यामुळे प्रत्यक्षात दीड वर्षाचे १,१६४ पौंड मोजावे लागतात. नऊ वर्षांत पाचपटीने झालेली ही वाढ विद्यार्थ्यांवर अन्याय करणारी आहे, असे माझेही मत आहे. पण ते पैसे भरले की १९४८ पासून चालत आलेली तिथली सरकारी आरोग्यसेवा त्या मुलाला जवळपास तिथल्या रहिवाशासारखीच खुली होते, आजार जुना असो की नवा. दात आणि चष्मा यांचे पैसे वेगळे, इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवर शुल्क, एवढेच उरते. तरीही आमच्या भागातल्या एका सल्लागाराने ब्रिटनला निघालेल्या दोन मुलांना याच्यावर आणखी एक वैद्यकीय पॉलिसी 'सक्तीची' म्हणून विकली होती. ते कागद मी स्वतः हातात घेऊन पाहिले आहेत. आणि ज्या गोष्टीला पैसे लागत नाहीत ती मात्र त्याने सांगितली नव्हती: पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात राहत्या भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचे असते. ती नोंद नसली की अधिभार भरूनही मूल ऐनवेळी ताटकळत राहते.

जर्मनीचे गणित निराळे. तिथे तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला कायद्याने चालणाऱ्या सार्वजनिक आरोग्य निधीत विद्यार्थी दराने सामील होता येते. महिन्याला साधारण दीडशे युरोंच्या आतबाहेर खर्च येतो आणि आधीचा आजार विचारला जात नाही. खाजगी पॉलिसी याहून पुष्कळ स्वस्त मिळते, म्हणून काही मुले निधीतून सूट मागून बाहेर पडतात. पण एकदा ती सूट घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत निधीत परत येता येत नाही. महिन्याला काही युरो वाचवण्यासाठी परतीचे दोर आपल्याच हाताने कापण्यासारखे आहे हे. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी-व्हिसासाठी ठरावीक कंपन्यांचा विमा पूर्ण मुदतीसाठी घ्यावा लागतो; निवड करायची ती त्या कंपन्यांतच. तिथे खरी अट प्रतीक्षेची आहे. आधीपासूनच्या आजाराला बारा महिने थांबावे लागते, आणि काहींना बाळंतपणालाही. लग्न करून जोडीने जाणाऱ्यांनी हे कलम आधी वाचायला हवे, आणि नेमके तेच कुणी वाचत नाही.

म्हणजे खऱ्या अर्थाने निवड उरते ती अमेरिकेत, आणि म्हणूनच सर्वांत मोठ्या चुकाही तिथेच होतात. गंमत करण्याचा हा विषय नाही, म्हणून नीट सांगतो. आपली बहुतेक मुले ज्या एफ-१ व्हिसावर जातात, त्याला तिथल्या केंद्र सरकारची विम्याची कोणतीच अट नाही. देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या जे-१ व्हिसावाल्यांना आहे: दर आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचे संरक्षण, स्वतः आधी भरायची रक्कम पाचशे डॉलरहून अधिक नको, मृतदेह मायदेशी आणण्यासाठी पंचवीस हजार डॉलर, आजारी माणसाला हलवण्यासाठी पन्नास हजार. एफ-१ वाल्यांसाठी नियम करते ते विद्यापीठ. कुठे विद्यापीठाचाच विमा सक्तीचा, कुठे त्याच्या तोडीचा दुसरा दाखवला तर सूट, कुठे काहीच सक्ती नाही. या तिसऱ्या आणि दुसऱ्या प्रकारात एजंटांना मोकळे रान मिळते. 'सूट मिळवून देणारी पॉलिसी' असा शब्दच त्यांनी रूढ केला आहे. विद्यापीठाची सूट मिळाली म्हणजे पॉलिसी चांगली, असा अर्थ आमच्याकडचे पालक त्यातून काढतात. सूट मिळते ती कागदावरच्या अटी जुळल्या म्हणून. दवाखान्यात काय होईल याची हमी ते विद्यापीठ देत नाही.

आता समोरच्या तटाचे सर्वांत मजबूत मुद्दे घेतो, कारण ते खोटे नाहीत. पहिला मुद्दा पैशांचा. अमेरिकेतल्या विद्यापीठाचा विमा वर्षाला दोन हजार डॉलरपासून चार-पाच हजारांपर्यंत जातो. आमच्या भागात याचा अर्थ काय होतो, हे शहरातल्या वाचकाला सांगणे भाग आहे. कोरडवाहू वावरात एकरी सहा-सात क्विंटल कापूस झाला तर वर्ष बरे गेले म्हणतात. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी वजा केल्यावर जे हातात उरते, त्यात हा हप्ता म्हणजे अख्ख्या शेताचे वर्ष. 'आरोग्यापुढे पैसा काय' हे वाक्य अशा बापाला ऐकवण्याचा अधिकार कुणालाच नाही. दुसरा मुद्दा वयाचा: बावीस-तेवीस वर्षांची पोरे, त्यांना होऊन होऊन काय होणार? हेही आकड्यांनी बव्हंशी खरे आहे. या वयातली बहुतेक मुले दोन वर्षांत सर्दी-तापापलीकडे जात नाहीत. तिसरा मुद्दा असा की विद्यापीठाच्या योजनाही निर्मळ नसतात. त्यांतही खाजगी कंपन्या नफा कमावतात आणि विद्यार्थ्याला घासाघीस करायला जागा नसते. हेही मी नाकारत नाही.

पण हप्ता जड आहे म्हणून बिल हलके होते काय? कागदावर हिशेब मांडून पाहू. समजा एका मुलाचे अपेंडिक्स फुटले आणि बिल तीस हजार डॉलर झाले. अमेरिकेतल्या दवाखान्याच्या मानाने हा आकडा काही वावगा नाही. विद्यापीठाच्या योजनेत समजा आधी पाचशे डॉलर स्वतःचे, त्यानंतर वीस टक्के स्वतःचे आणि वर्षभरात मिळून चार हजारांची कमाल मर्यादा आहे. वीस टक्क्यांनी हिशेब सहा हजारांवर जातो, पण मर्यादा चार हजारांची असल्यामुळे मुलाने भरायचे चार हजार. दुसरीकडे दोन हजार डॉलरने स्वस्त अशी पॉलिसी आहे. तिच्या पहिल्या पानावर 'एक लाख डॉलर' असे ठळक छापले आहे. आतल्या तक्त्यात मात्र शस्त्रक्रियेला इतके, खोलीला दिवसाला इतके, भूलतज्ज्ञाला इतके, अशी पोटमर्यादा आहे. समजा त्या तक्त्याप्रमाणे कंपनीने प्रामाणिकपणे, एक पैसा न बुडवता, बारा हजार दिले. उरलेले अठरा हजार डॉलर, म्हणजे पंधरा लाखांहून अधिक रुपये, कुणी भरायचे? पहिल्या पानावरची मोठी रक्कम म्हणजे विहिरीची खोली. पोटमर्यादा म्हणजे दोराची लांबी. दोर पाण्यापर्यंत पोहोचत नसेल तर खोल विहीर असून उपयोग काय? वयाच्या मुद्द्यालाही उत्तर याच हिशेबात आहे. शंभरातल्या नव्वद मुलांना काही होणार नाही हे मान्य. पण उरलेल्या दहांत आपले मूल असेल तर ते घर पुन्हा उभे राहील का, हा प्रश्न सरासरीने सुटत नाही.

बैठकीतला सर्वांत कठीण प्रश्न एका कास्तकाराने विचारला, आणि तो ऐकून खोली क्षणभर गप्प झाली. ते म्हणाले, "सर, पीकइम्यात आमी काय पायलं? हप्ता बरोबर कटते. पैसे द्याची येळ आली का मंडळाचं उत्पन्न पुढं करते. मंग या इम्यावर भरोसा कायले ठेवाचा?" विदर्भातल्या माणसाचा विम्यावर विश्वास नाही, हे अडाणीपण नाही, तो कमावलेला अनुभव आहे. एका शिवारात ढगफुटी होऊन सोयाबीन आडवे व्हावे आणि महसूल मंडळाची, म्हणजे अनेक गावांची मिळून काढलेली, सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या (भरपाईसाठी ठरवलेल्या पातळीच्या) वर निघाली म्हणून भरपाई शून्य यावी, नुकसान ७२ तासांत कळवायचे तर मोबाइलला रेंज नसावी, हे सगळे इथल्या माणसाने भोगले आहे. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणारच.

तरीही मला वाटते की या अनुभवातून आपण चुकीचा धडा घेतो आहोत. २०१६ साली आलेल्या पंतप्रधान पीकविम्यात खरिपाच्या सोयाबीनला दोन टक्के आणि कापसाला पाच टक्क्यांपर्यंत हप्ता होता. २०२३ च्या खरिपापासून राज्य सरकारने तो एक रुपयावर आणला आणि २०२५ मध्ये ती एक रुपयाची योजना बंदही केली. एक रुपयाहून स्वस्त विमा जगात कुठे असेल? मग त्या दोन वर्षांत आमच्या तक्रारी संपल्या का? नाही संपल्या, कारण अडचण हप्त्यात कधीच नव्हती. अडचण होती मंडळाच्या सरासरीत, ७२ तासांच्या अटीत, पंचनाम्याच्या पद्धतीत, म्हणजे कोणते नुकसान धरायचे आणि कोणते सोडायचे या कलमांत. ज्या माणसाने हे वावरात उभे राहून पाहिले आहे, त्यानेच लेकराचा विमा घेताना पुन्हा 'स्वस्त कुठला' हा प्रश्न विचारावा, याचे मला दुःख होते. विम्याच्या अटी वाचण्याची सक्त शिकवण ज्याला मिळाली आहे, असा पालक पुण्या-मुंबईत शोधूनही सापडणार नाही. ती शिकवण आपण वापरत नाही.

ती वापरली गेली असा एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी गेलो होतो. भाव वाढेल या आशेने समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता; त्या गंजीला पाठ टेकून मुलीचे वडील बसले होते आणि कीटकनाशकाच्या कंपनीचे नाव असलेल्या पिशवीतून त्यांनी पॉलिसीचे कागद काढले. मुलीला अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. मुलगी सिकलसेलची रुग्ण. विदर्भातल्या वाचकाला हा आजार सांगावा लागत नाही. गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूर-भंडाऱ्यापर्यंत, विशेषतः आदिवासी आणि दलित वस्त्यांत, तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडे फोडून निघावीत अशा कळा येतात. थंडी, अंगातले पाणी कमी होणे, ताप, यांपैकी काहीही त्याला पुरते. या मुलीला थंडीच्या दिवसांत दोनदा सेवाग्रामला भरती करावे लागले होते. आईने बिस्किटाच्या डब्यातून तिचे सिकलसेलचे कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी काढून कागदांशेजारी ठेवली.

पॉलिसी अडतीस पानांची, इंग्रजीत, बारीक टायपात. वडिलांना वाटत होते की मी पहिल्या पानापासून वाचीन. मी सरळ 'वगळलेल्या बाबी' हे शीर्षक शोधले आणि तिथून मराठीत सांगू लागलो. दुसऱ्याच ओळीत पूर्वीपासूनचा आजार, त्याखाली जन्मजात आणि आनुवंशिक आजार, त्याखाली मानसिक आजार. तिसरी ओळ संपल्यावर वडील म्हणाले, "म्हणजे आमच्या पोरीले जे हाय, तेच नाई." त्यांनी केलेला तो सारांश माझ्या तासाभराच्या विवेचनाहून नेमका होता. एजंटाने यावर उपाय सुचवला होता: अर्जात सिकलसेल लिहूच नका. हा सल्ला आमच्या भागात सर्रास दिला जातो, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. भारतात साध्या आरोग्यविम्याला सलग साठ महिने झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याचे कारण काढता येत नाही. पण परदेशी विद्यार्थ्याची पॉलिसी वर्षा-दोन वर्षांची. तिला तो आसरा कधीच मिळत नाही. तिथला डॉक्टर पहिल्याच रक्ततपासणीत निदान लिहिणार आणि क्लेम नाकारायला तोच कागद पुरेसा होणार. लपवलेला आजार बिलातून मात्र लपत नाही.

अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य कायद्याने पूर्वीपासूनच्या आजारासाठी विमा नाकारायला किंवा वार्षिक मर्यादा घालायला बंदी केली. विद्यापीठे विमा कंपनीमार्फत ज्या विद्यार्थी-योजना चालवतात, त्यांना ही बंदी लागू होते. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी पॉलिसीला ती लागू होत नाही. (काही विद्यापीठे कंपनीऐवजी स्वतःच्या निधीतून योजना चालवतात, तिथे हे लेखी विचारून घ्यावे.) दोन्ही हप्त्यांतला फरक हा या एका कायद्याच्या आत असण्या-नसण्याचा फरक होता. त्या घराने विद्यापीठाचा विमा घेतला. त्यासाठी घरातला कापूस त्यांना ठरवल्याहून आधी, कमी भावात विकावा लागला. हे मी लपवत नाही; माझ्या मताची किंमत त्या माणसाने मोजली.

कुणी म्हणेल, सिकलसेल हा अपवाद आहे, सगळ्यांना तो निकष कशाला? विदर्भात तो अपवाद नाही, हे पहिले उत्तर. दुसरे असे की अपवादाच्या जागीच विम्याची परीक्षा होते. आणि सुदृढ मुलाच्याही शरीरात घराकडून आलेल्या गोष्टी असतात. लहानपणी शरीरात शिरून निपचित पडलेला क्षय परक्या हवेत, अर्धपोटी, रात्रपाळीच्या कामात डोके वर काढू शकतो. एकटेपणाने मन खचणे तर त्याहून सर्रास आढळते. आमच्याकडे ते बोलले जात नाही आणि स्वस्त पॉलिसीत ते धरलेले नसते.

परदेशात शिकायला गेलेल्या मराठी माणसाच्या आजारपणाची गोष्ट काही आजची नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियात वैद्यक शिकायला गेल्या. तिथली थंडी, न मानवणारे अन्न, अपुरी ऊब यांत त्यांची प्रकृती ढासळली. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात, वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, क्षयाने गेल्या. विमा असता तर त्या वाचल्या असत्या असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल, क्षयावर तेव्हा औषधच नव्हते. मला त्यांची आठवण येते ती दुसऱ्या कारणाने. परक्या देशात त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या अमेरिकन कारपेंटरबाईंचे कुटुंब, केवळ माणुसकीने. आणि नेमक्या त्याच १८८३ सालच्या जूनमध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या आजारपणाचा सक्तीचा विमा कायद्याने सुरू केला. आजारी माणसाला मदत मिळणे हा कुणाच्या दयेचा भाग न राहता त्याचा हक्क झाला, त्याची ती सुरुवात. आज आमच्या गावच्या मुलाला जर्मनीत जो निधी आजार न विचारता सामावून घेतो, तो त्याच कायद्याचा वंशज आहे. आणि आपण मात्र १८८३ मध्ये आनंदीबाई जिथे उभ्या होत्या तिथेच मुलांना उभे करतो: स्वस्त पॉलिसी देऊन पाठवायचे, आणि काही झाले की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, रुग्णालयाचे बिल आणि वर्गणीचे आवाहन फिरवायचे. माणसे देतात, आपल्या भागातली माणसे तर ऐपतीबाहेर देतात. भारतीय दूतावासांकडे २००९ पासून संकटातल्या नागरिकांसाठी कल्याण निधी आहे, त्यातून निराधारांना मदत होते. पण वर्गणीवर किंवा निराधारांच्या निधीवर भरवसा ठेवून मुलाला पाठवणे, याला नियोजन म्हणायचे का?

हक्काच्या विम्याचे उदाहरण शोधायला खरे तर जर्मनीपर्यंत जायलाही नको. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी जी विमा योजना चालवली, तिचा हप्ता सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने घेतला जाई. पैशांची चणचण असलेल्या घराने खळ्यावरची ज्वारी मोजून द्यायची आणि आजारपणात दवाखान्याने सांभाळायचे. ज्वारी गोळा करून दवाखान्याचा सगळा खर्च निघत नव्हता हे सर्वांनाच माहीत होते. तरी ती योजना लोकांना आपली वाटली, कारण गावातल्या माणसाला कोणता आजार त्यात धरला आहे आणि कोणत्या वेळी दवाखाना काय करणार हे आधीच ठाऊक होते. निरक्षर माणसांना जे समजावता आले, ते अडतीस पानांच्या इंग्रजी पॉलिसीत शिकलेल्या माणसांपासूनही दडून राहते. आमच्या लोकांना विमा कळत नाही, हा आरोप म्हणूनच मला मान्य नाही.

भारतीय पॉलिसी घेऊच नये, असे मी म्हणत नाही. महिना-दोन महिन्यांच्या अभ्यासक्रमाला ती पुरते. जर्मनीत पोहोचल्यापासून विद्यापीठात नाव पक्के होईपर्यंतच्या आठवड्यांसाठी तशीच एखादी पॉलिसी लागते. सामान हरवणे, मृतदेह मायदेशी आणणे अशा, तिथला विमा न धरणाऱ्या गोष्टींसाठी मुख्य विम्याच्या जोडीला छोटी पॉलिसी घेणे शहाणपणाचेच आहे. छत्री घरात असावी. फक्त तिला छप्पर समजू नये.

आणि हा प्रश्न एकट्या पालकांवर ढकलून चालणार नाही. शैक्षणिक कर्ज देताना अनेक बँका विद्यार्थ्याचा जीवविमा उतरवायला लावतात, कारण मूल गेले तर कर्ज बुडू नये. मूल जगले आणि आजारी पडले तर काय, हे तीच बँक विचारत नाही. कर्जाच्या अंदाजपत्रकात शिक्षणाच्या पूर्ण मुदतीचा आरोग्यविमा, त्या देशातल्या खऱ्या दराने, धरलाच पाहिजे. म्हणजे शेवटच्या आठवड्यात कापूस विकण्याची पाळी येणार नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत आरोग्यविम्याचा खर्च धरलेला आहे, हे सरकारने योग्यच केले. तेच तत्त्व कर्ज काढून जाणाऱ्यांना का लागू नसावे? पॉलिसी विकणाऱ्या सल्लागाराला त्या विक्रीवर किती कमिशन मिळते ते त्याने लेखी सांगावे. आणि तालुक्याच्या महाविद्यालयांनी 'परदेशी शिक्षणाच्या संधी' असले मेळावे भरवताना एक तास वगळलेल्या बाबींचे पान मराठीत वाचून दाखवावे. या मागण्यांत अशक्य असे काही नाही.

त्या मुलीचे पहिले वर्ष पार पडले. हिवाळ्यात एकदा दुखले, विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाऊन आली, भरती व्हावे लागले नाही. हप्ता वाया गेला, असे गावात काही जण म्हणाले. वडिलांनी दुसऱ्या वर्षाचा हप्ता तूर विकून भरला आणि मला त्याबद्दल विचारले नाही. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला तो वेगळ्याच प्रश्नासाठी. शिक्षण संपल्यावर पोरगी वर्षभर तिथेच नोकरी करून पाहणार आहे, तेव्हा विद्यापीठाचा विमा चालू राहतो का? राहत नाही, बहुतेक ठिकाणी तो पदवीबरोबर किंवा त्या सत्राबरोबर संपतो. आणि संपल्यापासून साठ दिवसांत तिथल्या सरकारी विमा-बाजारातून नवी योजना घेण्याची मुभा असते, ती गेली की पुढच्या नोंदणीपर्यंत थांबावे लागते. मी हे सांगत असताना त्यांनी बायकोला भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणायला सांगितल्याचे फोनमधून ऐकू आले. ज्या कॅलेंडरवर ते फवारणीच्या तारखा लिहितात, त्यावर त्यांनी विमा संपण्याची तारीख लिहून घेतली, आणि साठ दिवस बोटांवर मोजून दुसरी.